सॅमी स्मिथची जुनी एलपी, ओरखड्यासकट

आधी व्यवहाराचं बोलून घेतो.

सॅमी स्मिथ या अमेरिकन गायिकेची 'हेल्प मी मेक इट थ्रू द नाइट' ही एलपी. कंपनी मेगा रेकॉर्ड्स, नॅशव्हिल. मूळ अमेरिकन प्रत, वापरलेली. मुंबईतल्या एका जुन्या रेकॉर्डवाल्याकडून फोनवर बोलून मागवली. २,२०० रुपये आणि वर कुरिअरचे १५०. फोनवर तो म्हणाला होता, "व्हीजी प्लस आहे काका, एकदम साफ." (व्हीजी प्लस म्हणजे जुन्या रेकॉर्डवाल्यांच्या भाषेत 'खूपच चांगली'.) घरी आली तेव्हा कव्हरचा खालचा कोपरा उंदराने चाखून सोडल्यासारखा, मागे कुणीतरी बॉलपेनने फुलं काढलेली, आणि रेकॉर्ड खिडकीत तिरकी धरली तर एक केसाएवढा ओरखडा. केसाएवढा, पण नखाला लागणारा. नखाला लागला म्हणजे सुईला लागणारच. आणि गेलाय कुठून, तर एलपीच्याच नावाच्या ज्या एका गाण्यासाठी मी ही रेकॉर्ड घेतली त्याच्या बरोबर अंगावरून.

एलपी मिनिटाला साडेतेहतीसच्या आसपास फेरे घेते. म्हणजे दर पावणेदोन सेकंदांनी एक 'टक्'. बाई गातेय, आणि बाजूला कुणीतरी सुपारी कातरतंय.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "काका, पन्नास वर्षांची रेकॉर्ड आहे, एखादी सुरकुती असणारच." परत घेणार नाही म्हणाला. त्याच्याबद्दल माझं मत मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं, इथे पुन्हा सांगत नाही. तुम्ही जुन्या रेकॉर्डी मागवत असाल तर एवढंच करा: पैसे देण्याआधी दिव्याखाली तिरकी धरून काढलेला व्हिडिओ मागा, आणि हवं ते गाणं फोनवर वाजवून दाखवायला सांगा. मी नाही मागितला, कारण मला घाई होती. साठी उलटलेल्या माणसाला गाण्याची कसली घाई, तर तेच आता सांगायचंय.

मी १९८७ पासून सत्तावीस वर्षं मुंबई हाय या तेलक्षेत्रात प्लॅटफॉर्मवर इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होतो. मुंबईपासून समुद्रात साधारण १६० किलोमीटर. चौदा दिवस आत, चौदा दिवस बाहेर. जुहूहून हेलिकॉप्टर, लाइफ जॅकेट, कानात बोळे, आणि खाली पाणी बघत बसायचं. आमच्या रेडिओरूममध्ये वसईचे एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना सगळे अंकल म्हणत. वसईच्या आणि गोव्याच्या ख्रिस्ती घरांत अमेरिकन गावाकडची 'कंट्री' गाणी म्हणणारा जिम रीव्हज किती ऐकतात हे सांगायला नको, नाताळात तर गल्लीभर. अंकलकडे एक कॅसेट होती, एका बाजूला जिम रीव्हज, दुसऱ्या बाजूला इतरांची निवडक गाणी. त्यात हे गाणं. रात्रपाळीत मी मीटरचे आकडे लिहून झाले की रेडिओरूमच्या दारात चहाचा ग्लास घेऊन उभा राहायचो. बाहेर फ्लेअर, म्हणजे नको असलेला गॅस जाळायची ज्योत, जळत असायचा, त्याचा केशरी उजेड भिंतीवर हलायचा. इंग्रजी मला मॅन्युअलपुरतं यायचं. तरी पहिल्याच कडव्यात भिंतीवरच्या सावल्यांचा उल्लेख येतो, तो शब्द कळला होता. तेवढ्यावर मी ते गाणं आपलं करून टाकलं.

एकदा अंकलनी कॅसेट कॉपी करून दिली. घरी लावली. चौलला आमचं घर, माजघरात आई तांदूळ निवडत बसलेली, ही शाळेच्या वह्या तपासत होती. हिने विचारलं, "काय म्हणतेय हो ती?" आता आईसमोर काय सांगू? की ती म्हणतेय, माझ्या केसांची रिबीन सोड, केस मोकळे होऊ देत, तुझ्या अंगावर सांडू देत? मी म्हटलं, "भजन आहे. ख्रिश्चनांचं." आई म्हणाली, "तरीच. आवाजात आर्तता आहे." पुढे कितीतरी दिवस, मी सुट्टीवर आलो की संध्याकाळी दिवा लावल्यावर आई म्हणायची, "ते तुझं भजन लाव." त्यात मध्ये एकदा सैतानाचंही नाव येतं, पण ते आईच्या कानावरून गेलं. हिच्या गेलं नाही. ही प्राथमिक शिक्षिका. 'डेव्हिल' तिला ऐकू आला होता आणि ती गप्प बसली होती, हे मला फार उशिरा कळलं.

२८ सप्टेंबर २०२४ ला क्रिस क्रिस्टोफरसन गेला. हवाईत, माऊई बेटावर, वय ८८. गाणं लिहिणारा तो. त्याच्यावर आलेलं वाचताना मला जे कळलं त्याने मी खुर्चीतून उठलो. हा माणूस ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर इंग्रजी साहित्य शिकलेला, अमेरिकन लष्करात कॅप्टन, हेलिकॉप्टर पायलट. बाप हवाई दलात जनरल. वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत इंग्रजी शिकवायची नेमणूक हातात असताना १९६५ मध्ये लष्कर सोडून गाणी विकायला नॅशव्हिलला गेला. तिथे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत झाडूपोछा केला, राखेची भांडी रिकामी केली. गायक बॉब डिलन १९६६ मध्ये तिथे रेकॉर्डिंग करत होता तेव्हा हा फरशी पुसत होता. त्याने पोट भरेना, म्हणून लुईझियानात मेक्सिकोच्या आखातातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर कामगारांची ने-आण करणारं हेलिकॉप्टर चालवायला लागला. एक आठवडा तिकडे, एक आठवडा नॅशव्हिलला गाणी घेऊन दारोदार. आणि हे गाणं त्याने, त्याच्याच सांगण्याप्रमाणे, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर बसून लिहिलं.

प्लॅटफॉर्मवर बसून!

म्हणजे सत्तावीस वर्षं मी ज्या जागी उभा राहून ते ऐकत होतो, तशाच जागी ते झालं होतं. हे अंकलना माहीत असतं तर त्यांनी अख्ख्या क्रूला गोळा करून सांगितलं असतं. अंकल आता नाहीत. मग मी रेकॉर्डवाल्याचा नंबर शोधला. बावीसशे रुपयांची आणि घाईची ही कथा.

आता गाण्याकडे. जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. वेगळं ध्रुवपद नाही. कडव्याच्या शेवटी तीच एक ओळ येऊन टेकते. क्रिस्टोफरसनने सांगितलेली हकीकत अशी की ती ओळ त्याला गायक फ्रँक सिनात्राच्या एका मुलाखतीतून सुचली. तुमचा विश्वास कशावर, असं विचारल्यावर सिनात्रा म्हणाला होता की दारू, बाई नाहीतर बायबल, ज्याने रात्र निघेल त्यावर. त्या फटकळ उत्तरातून असं हळवं गाणं निघावं, ही त्या पायलटची करामत.

'मेक इट थ्रू द नाइट' हे इंग्रजीत कसं वाटतं मला सांगता येणार नाही, पण मराठीत त्याला तयार शब्द आहे: रात्र काढणे. दवाखान्यात पेशंटपाशी रात्र काढतात, एसटी चुकली की स्टँडवर रात्र काढतात, घरात गमी झाली की शेजारी येऊन रात्र काढायला बसतात. मजेत गेलेली रात्र कुणी 'काढली' म्हणत नाही. म्हणून मला हे शृंगाराचं गाणं म्हणून कधी पुरतं पटलं नाही. शृंगार आहे, नाही कशाला म्हणू? पहिलं कडवं सगळं केस, कातडी आणि सावल्यांचं आहे. पण दुसऱ्या कडव्यात ती बाई हिशेब मांडते: उजाडेपर्यंत शेजारी पडून राहा, मी तुझा फक्त वेळ घेतेय. बाकी काही मागत नाही. काय बरोबर, काय चूक, मला कळून घ्यायचं नाही. उद्याचा दिवस सैतानाने न्यावा. आज कुणीतरी आपलं माणूस, तिच्या शब्दांत 'फ्रेंड', हवंय. काल संपला, उद्या दिसत नाही.

वेळ मागणं म्हणजे काय हे मला विचारा. आमच्या सुरुवातीच्या काळात रेडिओरूममधून घरी फोन लावून मिळायचा. तीन मिनिटं. मागे रांग, अंकल हेडफोन लावून समोर, आणि आमचं बोलणं काय, तर गॅस संपला, आईचं बीपी वाढलंय, छपराची दोन कौलं फुटली, शाळेत इन्स्पेक्शन आहे. "बरं, ठेवू?" "ठेवा." एवढ्यात सगळं आलं, असं मला वाटायचं.

सॅमी स्मिथ हे कसं म्हणते, त्यावर या रेकॉर्डचे पैसे वसूल आहेत. तिचा आवाज खालच्या पट्टीतला, जरा घोगरा, रात्री उशिरा घसा बसल्यावर होतो तसा. ती विनवत नाही, लाडात येत नाही. आपल्याकडे बाईच्या तोंडून इच्छा बोलून दाखवायची रीत जुनीच आहे, आणि तिथेही लिहिणारा शाहीर बहुतेक पुरुषच. बैठकीच्या लावणीत यमुनाबाई वाईकरांसारखी गायिका बसल्या जागी एक ओळ दहा तऱ्हांनी सांगायची; भुवई, बोट, पदर, सगळं त्या शब्दाला जोडलेलं. तिथे समोर कुणीतरी बसलेलं आहे याची पक्की जाणीव असते. सॅमीत अदा औषधालाही नाही. अंधारात कुणी "जरा पाणी देतोस?" म्हणावं, त्या सुरात ती "रिबीन सोड" म्हणते. समोरचा उठेल की नाही याची तिला खात्री नाही, आणि नाही उठला तर ती पुन्हा म्हणणारही नाही.

क्रिस्टोफरसनच्या स्वतःच्या १९७० च्या पहिल्या अल्बमवरही हे गाणं आहे. मी ते मोबाईलवर ऐकलं. त्याचा आवाज म्हणजे दगडावरून ओढलेली बादली. त्याच्या तोंडी रिबीन 'तुझ्या' केसांतली आहे, सॅमीच्या तोंडी 'माझ्या'. एका सर्वनामाचा फरक, पण पुरुषाने म्हटलं तर ती झाली मागणी, आणि बाईने म्हटलं तर १९७० सालच्या अमेरिकेत, त्यातही कंट्रीच्या सोवळ्या जगात, गहजब. डॉटी वेस्ट या नावाजलेल्या गायिकेकडे ते आधी गेलं होतं आणि तिला ते फारच उघडं वाटलं म्हणून तिने सोडलं, असं सांगतात. नंतर तिनेही म्हटलंच.

सॅमीला सोडायला काही नव्हतंच. कॅलिफोर्नियात जन्म, ओक्लाहोमाकडे बालपण, अकराव्या वर्षी शाळा सुटली, क्लबांत गाणं सुरू, पंधराव्या वर्षी लग्न. गायक जॉनी कॅशच्या बँडमधल्या मार्शल ग्रँटने तिला ओक्लाहोमा सिटीत ऐकलं आणि नॅशव्हिलची वाट दाखवली. निर्माता जिम मलॉयच्या देखरेखीखाली हे रेकॉर्डिंग झालं. मलॉयने व्हायोलिनं भरलीत, पण तिच्या अंगावर येऊ दिली नाहीत. मागे पडदा हलल्यासारखी हलतात. फेब्रुवारी १९७१ मध्ये गाणं बिलबोर्ड या नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, तीन आठवडे राहिलं, पॉपच्या मोठ्या यादीतही आठव्या क्रमांकापर्यंत चढलं. पुढच्या वर्षी गाण्यासाठी तिला आणि लिहिण्यासाठी त्याला ग्रॅमी मिळालं. ही एलपी आधी 'ही'ज एव्हरीव्हेअर' या नावाने निघाली होती. गाणं चाललं तसं कंपनीने एलपीचंच नाव बदललं. तिला एवढं मोठं यश पुन्हा लाभलं नाही. २००५ मध्ये, ६१ व्या वर्षी ती गेली.

रेकॉर्डवरची बाकीची गाणी? 'सॉन्डर्स फेरी लेन' जरूर ऐका, थंडीतल्या ओसाड वाटेसारखं आहे, आणि त्यात तिचा आवाज आणखी खाली उतरतो. बाकी बरी आहेत. एक-दोन ठिकाणी मी चहा ठेवायला उठलो.

आणि इतरांनी म्हटलेली? एल्विसचं १९७२ ला आलं. तो गातो छान, पण त्याला रात्र काढायला कुणाच्या मदतीची गरज आहे यावर माझा विश्वास बसत नाही. ग्लॅडिस नाइटचं मोठ्या मनाचं आहे, चर्चमधून आल्यासारखं. जॉन हॉल्टने त्याचं रेगे केलं आणि ते इंग्लंडात पहिल्या दहात गेलं. ते आमच्या मुलाला आवडतं, गाडीत लावतो. विली नेल्सनचं मात्र रात्री दहानंतर ऐकावं.

आता ते बाकी राहिलेलं. रेकॉर्ड आली त्या रात्री जेवणं झाल्यावर लावली. टक्, टक्, आणि ती बाई. ही शेंगा सोलत बसली होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "भजन झालं का तुमचं?" मग पस्तीस वर्षांनी मी तिला कडव्यागणिक अर्थ सांगितला. केसांपासून सगळा. आई नव्हती, त्यामुळे अडचणही नव्हती. तरी मी बोलताना टर्नटेबलकडेच बघत होतो. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तिला सोबत हवीय."

कोकणातल्या वाचकाला हा शब्द समजावायला नको. घरातला बाप्या परगावी असला की शेजारची एखादी मुलगी रात्री 'सोबतीला' झोपायला येते. गोधडी काखेत मारून आठला येते, सकाळी चहा घेऊन जाते. तिने काही करायचं नसतं. चोर आला तर तीही ओरडणार आणि आपणही ओरडणार. नुसतं दुसऱ्या अंथरुणावर कुणाचं तरी कूस बदलणं ऐकू यावं, यासाठी ती येते. मी समोर डिक्शनरी घेऊन गाण्यातल्या 'फ्रेंड'ला मराठी शब्द शोधत होतो. मित्र म्हणावं तर रिबिनीशी जुळेना, प्रियकर म्हणावं तर ती तेवढं मागत नाही. हिने शेंगा सोलता सोलता देऊन टाकला.

मग ती म्हणाली, "बेबी यायची माझ्या सोबतीला. आई होत्या म्हणून तुम्हाला वाटायचं मी एकटी नाही. आई साडेआठला झोपायच्या आणि घोरायच्या. तुमचे चौदा दिवस म्हणजे बेबीच्या चौदा रात्री." मला हे माहीत नव्हतं. मी सुट्टीवर आलो की बेबी यायची नाही, त्यामुळे मी तिला फक्त दिवसा पाहिलेली, परकराला हात पुसत. आणि ही म्हणाली, "तुम्ही यायचात ती पहिली रात्र अवघडच जायची. बेबीची सवय झालेली असायची. तुम्ही म्हणजे पाहुणे. तुम्हाला उशी कुठली आवडते तेही आठवावं लागायचं."

मी म्हटलं, "हे तेव्हा का नाही बोललीस?"

"तीन मिनिटांत?" ती म्हणाली. "त्या अंकलसमोर?"

तर रेकॉर्डबद्दल माझं मत: ध्वनी उबदार, छपाई (प्रेसिंग) चांगली, कव्हर जेमतेम, ओरखडा नडतो. कापूस आणि डिस्टिल्ड वॉटरने हलक्या हाताने पुसून बघितली, टिकटिक जराशी दबली, गेली नाही. सुईचं वजन शिफारशीपेक्षा वाढवू नका, त्याने ओरखडा जात नाही आणि खाच झिजते. पाचात साडेतीन द्यायला हरकत नाही. अर्धा मी दुकानदाराच्या नावाने कापलाय, एक उंदराच्या. स्वस्तात हवं असेल तर मोबाईलवर फुकटात टकटकीशिवाय मिळतं, तेही हेच रेकॉर्डिंग. मी मात्र ही प्रत विकणार नाही.

गेल्या रविवारी बेबी आली होती. आता पन्नाशीची, दोन नातवंडांची आजी, गुडघ्याला पट्टा. जेवून पानाचा डबा घेऊन बसली, मी रेकॉर्ड लावली. टक् टक् ऐकून ती आधी आपल्याच अडकित्त्याकडे बघायला लागली. मग जरा वेळ कान देऊन तिने हिला विचारलं, "काय म्हणतेय गं वहिनी ती?"

ही म्हणाली, "तुलाच बोलावतेय. गोधडी घेऊन ये म्हणते."